न सांगता काढलेली सहल

लॉरेटा मिम्स चोवीस वर्षं शाळेची बस चालवत होती. दक्षिण जॉर्जियातल्या त्या लहानशा गावात तिच्या बसमध्ये बसून शाळेत गेलेली पोरं आता बाप झाली होती आणि त्यांची पोरं तिच्याच बसमध्ये बसत होती. फेरी संपली की ती रोज गाडीच्या शेवटच्या सीटपर्यंत चालत जायची आणि प्रत्येक सीटखाली वाकून बघायची. एकदा, फार पूर्वी, तिला तिथे एक झोपलेला मुलगा सापडला होता. तेव्हापासून गुडघे कितीही कुरकुरले तरी तिने ही फेरी चुकवली नाही.

तिचा स्वतःचा मुलगा टेरेन्स सैन्यात गेला, तिकडे टेक्ससमध्येच संसाराला लागला. नवरा हर्शल शेंगांच्या गिरणीतून निवृत्त झाला. घर फार मोठं वाटायला लागलं तेव्हा लॉरेटाने बालकल्याण खात्याचा फॉर्म भरला. आईबापांकडून काढून घेतलेली मुलं सांभाळायला घ्यायची, महिना, वर्ष, कोर्ट सांगेल तोवर. आधी दोनतीन मुलं आली आणि आपापल्या नातेवाइकांकडे गेली. मग एका ऑक्टोबरात झारिया आणि जोसाया आले. झारिया सहा वर्षांची, जोसाया तीन. बहिणीच्या एका हातात भावाचं मनगट होतं, दुसऱ्या हातात कचऱ्याची काळी पिशवी. तशीच एक पिशवी खात्याच्या बाईंच्या हातात होती. दोघांचे सगळे कपडे त्या दोन पिशव्यांत होते.

याला आता दीड वर्ष झालं होतं. मुलांच्या आईने कोर्टात हक्क सोडून दिला होता आणि लॉरेटा-हर्शलने दत्तक घ्यायचा अर्ज केला होता. झारियाला हे सांगितलं होतं. ती "हो मॅडम" म्हणाली होती. ती सगळ्यालाच "हो मॅडम" म्हणायची. रात्री बूट पलंगाशी लावून झोपायची, टाचा पलंगाकडे, म्हणजे पाय खाली टाकले की थेट बुटात. कपाटातला तिचा खण तिच्याशिवाय कुणी आवरत नसे. आणि आईस्क्रीम खात नसे. लॉरेटाला वाटायचं, दातांना झोंबत असेल.

सहलीचं खूळ बस डेपोतून आलं. वँडा नावाची दुसरी ड्रायव्हर एक दिवस फोन घेऊन आली. तिच्या लेकीने नातवंडांना काही न सांगता गाडीत घातलं होतं आणि थेट ऑर्लँडोच्या त्या मोठ्या करमणुकीच्या पार्कच्या कमानीपाशी उतरवलं होतं. फोनमध्ये पोरं किंचाळत होती, उड्या मारत होती, धाकटा तर रडायलाच लागला. लॉरेटाने ते चारदा बघितलं. झारियाला तिने कधी मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं. ते एकदा ऐकावं, एवढीच तिची इच्छा होती.

"सांगून टाक ना पोरांना," हर्शल म्हणाला. "आधीपासून सांगितलं तर दोन आठवडे खूश राहतील."

"सांगितलं तर गंमत काय राहिली त्यात?"

"ती मोठी जरा वेगळी आहे, लॉ."

"म्हणूनच तर करायचंय."

परराज्यात न्यायचं म्हणून खात्याची परवानगी लागत होती. खात्याच्या ऑगल्ट्री बाईंनी पत्र दिलं, चांगली गोष्ट आहे म्हणाल्या. लॉरेटाने मुलांसाठी दोन नव्या बॅगा आणल्या, झारियाची जांभळी, जोसायाची डायनॉसोरची. दोन्हींवर नावं घालून घेतली. आदल्या दिवशी मुलं हर्शलबरोबर बाहेर गेलेली असताना तिने कपडे भरले. बॅगा डिकीत ठेवायच्या, पण मुलांच्या नजरेस पडल्या तर सगळंच फुटणार. स्वयंपाकघरात कचऱ्याच्या पिशव्यांचा गठ्ठा होता. तिने दोन काढल्या, दोन्ही बॅगा त्यांत सरकवल्या, वर गाठ मारली. काम झालं म्हणून तिला बरंच वाटलं.

एप्रिलच्या सुट्टीतला तो सोमवार होता. सकाळी सातला ते निघाले. मुलांना सांगितलं होतं, फ्लॉरिडात हर्शलच्या बहिणीकडे जेवायला जायचंय. लॉरेटाला पोरांशी खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून ते वाक्य तिने आरशासमोर म्हणून बघितलं होतं.

गाडी तीच चालवत होती. हायवेला लागल्यावर तिने आरशात बघितलं. जोसाया खिडकीवर बोटाने काहीतरी काढत होता. झारिया ताठ बसली होती, हात मांडीवर, नजर रस्त्यावरच्या पाट्यांवर. बसमधली साठ पोरं आरशात बघून कोण आजारी आहे, कोण मार खाऊन आलंय, हे ओळखणारी ही बाई. तिने त्या दिवशी एवढंच ताडलं की पोरीची झोप अर्धवट झालीय. सकाळी झारियाने आपला खण उघडला होता आणि त्यातले पाच कपडे नव्हते, हे तिला नंतर कळलं.

फ्लॉरिडाची हद्द ओलांडून बरंच पुढे गेल्यावर एका मोठ्या पंपावर ते थांबले. ट्रकवाल्यांचा थांबा होता तो. मागच्या अंगाला चाळीसपन्नास ट्रक इंजिनं चालू ठेवून उभे, पुढे दुकान, शेजारी गाड्यांची रीघ. लॉरेटा कॉफी आणायला आणि बाथरूमला गेली. तेवढ्यात जोसायाने रसाचा डबा स्वतःवर ओतून घेतला. हर्शलने त्याची दुसरी चड्डी काढायला डिकी उघडली. झारिया त्याच्या कोपराशीच उभी होती.

हर्शलने डिकी आपटून बंद केली. तिने बघितलं की नाही, त्याला कळलं नाही. तिचा चेहरा होता तसाच होता. सगळं हसण्यावारी न्यावं म्हणून तो म्हणाला, "चला रे, आईस्क्रीम खाऊया. सकाळी सकाळी. लॉरेटाला सांगायचं नाही."

झारियाने त्याच्याकडे बघितलं. "हो सर," ती म्हणाली.

दुकानात गर्दी होती. हर्शल रांगेत उभा राहिला. झारिया म्हणाली, जोसायाला शू लागलीय. बाथरूम समोरच दिसत होतं. हर्शलने मान हलवली. भावाचं मनगट धरून ती गेली. बाथरूमच्या शेजारी मागच्या बाजूला उघडणारं आणखी एक दार होतं.

लॉरेटा कॉफी घेऊन आली तेव्हा हर्शलच्या हातात दोन आईस्क्रीम वितळत होती.

"पोरं कुठायत?"

"बाथरूमला. आत्ताच गेली."

"मी तिथूनच येतेय, हर्शल. तिथे कुणी नाही."

तिने कॉफी कुठे ठेवली ते तिला कधीच आठवलं नाही. बायकांच्या बाथरूमचं प्रत्येक दार तिने ढकलून बघितलं, पुरुषांच्या बाथरूमच्या दारात उभी राहून दोन्ही नावांनी हाका मारल्या. एक ट्रकवाला तोंड पुसत बाहेर आला, म्हणाला, आत कुणी लहान नाही. मग तिला ते मागचं दार दिसलं.

बाहेर इंजिनांची घरघर एवढी होती की स्वतःची हाक स्वतःला ऐकू येईना. ट्रकांच्या रांगा, एकेका चाकाची उंची जोसायाएवढी. ती वाकून चाकांमधून बघत पळत होती. एक ट्रक मागे यायला लागला तेव्हा तिने त्याच्या बाजूवर मुठी आपटल्या. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "दोन मुलं," ती ओरडली, "चाकाखाली बघ आधी." तो उतरला, बघितलं, मग त्यानेच रेडिओवरून बाकीच्यांना सांगितलं. रांगेतले ट्रक एकेक करून शांत झाले. त्या शांततेत पलीकडच्या हायवेचा आवाज यायला लागला, आणि तो जास्त वाईट होता.

हर्शल मागून आला. त्याने डिकीचं सांगितलं. काळ्या पिशव्या, मग आईस्क्रीम. 

लॉरेटाने फोन काढला.

"थांब," हर्शल म्हणाला. "पाच मिनिटं. पोलीस आले की खात्याला कळणार. अर्ज अजून कोर्टात आहे, लॉ. काढून घेतील त्यांना आपल्याकडून."

तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिने पोलिसांचा नंबर लावला. मुलीचं वय, मुलाचं वय, कपड्यांचे रंग, शेवटचं कुठे दिसले, किती वेळ झाला. बसच्या प्रशिक्षणात शिकवलेल्या क्रमानेच तिने सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "ही खात्याची मुलं आहेत. मी सांभाळते त्यांना. नाव लिहून घ्या माझं."

आठ मिनिटांत एक पोलीस बाई आली. तोवर लॉरेटाने ट्रकांच्या तिन्ही रांगा पालथ्या घातल्या होत्या, कचऱ्याचे लोखंडी पेटारे उघडून बघितले होते. कुंपणापलीकडे पाण्याचा एक चर होता. त्यात ती गुडघ्यापर्यंत उतरून आली होती. फ्लॉरिडातल्या असल्या पाण्यात मगरी असतात, हे तिला माहीत होतं. पाण्यात काही हललं नव्हतं.

दुकानाच्या मागे फरशी पुसणारी एक म्हातारी बाई होती. पोलीस बाईने तिला विचारलं. तिला इंग्रजी जेमतेम येत होतं. ती हातांनी दाखवत म्हणाली, इथे बस होती. पांढरी. म्हाताऱ्या बायका, सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या. गेली.

"बसवर काय लिहिलं होतं?"

बाईला वाचता आलं नव्हतं. रेडिओवाला ट्रक ड्रायव्हर पुढे झाला. "चर्चची बस होती. खाली जॉर्जिया लिहिलेलं. उत्तरेला गेली, वीस मिनिटं झाली असतील."

लॉरेटा जागच्या जागी थांबली. झारियाला वाचता येत होतं. जॉर्जिया हा शब्द तर ती रोज लॉरेटाच्या बसवर वाचत होती.

"त्या बसमध्ये आहेत ती," लॉरेटा म्हणाली.

"खात्रीने सांगताय?" पोलीस बाईने विचारलं. "मला माणसं दोन्हीकडे पाठवता येणार नाहीत. इथला शोध कमी करावा लागेल."

लॉरेटाला खात्री नव्हती. ती चूक असेल, आणि पोरं त्या पाण्याच्या बाजूला असतील, तर पुढची वीस मिनिटं तिच्यामुळे गेलेली असतील. तिने कुंपणाकडे बघितलं. "हर्शल इथे थांबेल," ती म्हणाली. "ट्रकवाले शोधताहेत. तुम्ही बस थांबवा."

पोलीस बाईने रेडिओवर सांगितलं. लॉरेटा तिच्या गाडीत बसली. भोंगा लावून गाडी उत्तरेला निघाली आणि लॉरेटा रस्त्याच्या कडेचं गवत बघत राहिली, दोन लहान आकृत्या दिसतील या भीतीने. त्या बसचा ड्रायव्हर कसा असेल, हाच विचार तिच्या डोक्यात फिरत होता. निघण्याआधी त्याने डोकी मोजली असतील का? शेवटच्या सीटपर्यंत गेला असेल का? गेला असता तर मुलं सापडली असती. म्हणजे एक तर तो गेला नाही, किंवा मुलं तिथे नाहीतच.

पंचवीस मैलांवर बस उभी होती, पुढे पोलिसांची दुसरी गाडी. दारात गडद सुटातला एक म्हातारा हात चोळत होता. लॉरेटाला बघितल्याबरोबर तो बोलायला लागला. "मॅडम, मी मोजायला हवं होतं. बायका म्हणाल्या सगळ्या आल्या, आणि मी निघालो. तीस वर्षं चर्चच्या सेवेत डीकन आहे मी, असं कधी..."

"आहेत?" लॉरेटाने विचारलं.

"आहेत, आहेत. दोन्ही आहेत."

तिने दाराचा दांडा धरला. मग ती पायरी चढली.

आत वीसेक म्हाताऱ्या बायका होत्या, चर्चच्या गायनमंडळातल्या. जोसाया त्यांतल्या एकीच्या मांडीवर बसून तळलेल्या कोंबडीचा पाय खात होता. "हा आपणहून बाहेर आला," त्या म्हणाल्या. "वास आला असेल. पण बहीण येत नाही हो. मागे सीटखाली आहे. कुणी हात लावला की लाथा मारते."

लॉरेटा मागेपर्यंत चालत गेली. वाकून बघितलं. झारिया सीटच्या लोखंडी पायाला दोन्ही हातांनी मिठी मारून होती. लॉरेटा खाली बसली, चिखलाच्या पायांनी, पाठ समोरच्या सीटला टेकून. ती हात पुढे करत नव्हती.

"मी इथेच बसतेय," ती म्हणाली.

मग आतून आवाज आला, "जोसायाला माझ्यापासून वेगळं करू नका."

"कुणी करत नाहीये."

"पिशव्या बघितल्या मी."

"हो. हर्शलने सांगितलं."

"आणि आईस्क्रीम. तुमच्या आधीच्या घरचे पण आईस्क्रीम खायला जाऊया म्हणाले. खाऊन झालं आणि मग दुसऱ्या घरी नेलं. आधीच्या घरातून माझे बूट पण दिले नाहीत."

लॉरेटाने डोळे मिटले. दीड वर्ष ती त्या पोरीच्या दातांची काळजी करत होती.

"झारिया, तू कुठे निघाली होतीस?"

"घरी."

"कुठल्या?"

"आपल्या," झारिया वैतागून म्हणाली, एवढंही कसं कळत नाही अशा स्वरात. "मागच्या पायऱ्यांखाली लपलो असतो. खात्याच्या बाई पाचला घरी जातात. पाचपर्यंत आम्ही सापडलो नसतो, तर मग त्यांनी दिलं असतं सोडून. आणि मग तुम्हाला आम्हाला ठेवून घ्यावंच लागलं असतं."

पुढच्या सीटवरच्या बायकांमधून कुणीतरी नाक ओढलं. लॉरेटाला रडायचं नव्हतं. आपण रडलो तर ही पोर आपली समजूत काढायला बाहेर येईल, आणि तसं तिला नको होतं.

"ऐक. मी खोटं बोलले तुझ्याशी. बहिणीकडे जेवायला नव्हतो जात आपण. ऑर्लँडोच्या पार्कला जात होतो, चार दिवस, आपण चौघं. तुम्हाला एकदम दाखवून चकित करायचं होतं मला."

"काळ्या पिशव्या..."

"त्यांच्या आत नव्या बॅगा आहेत. त्यांच्यावर तुमची नावं आहेत. तुम्हाला दिसू नयेत म्हणून पिशव्यांत घातल्या."

"दिसल्या असत्या तर काय झालं असतं?"

लॉरेटाने विचार केला. "काही नाही," ती म्हणाली. "काही झालं नसतं."

"तू खोटं बोललीस," झारिया म्हणाली. तिचा आवाज चढला होता. दीड वर्षात पहिल्यांदाच. "तू तर खोटं बोलत नाहीस. मी जोसायाला सांगितलं होतं, ही खोटं बोलत नाही म्हणून."

"हो."

"आणि मला आत्ता पण खरं वाटत नाहीये."

"ते बरोबर आहे तुझं," लॉरेटा म्हणाली. तिने पोलीस बाईला सांगून तिच्या गाडीत राहिलेल्या आपल्या पर्समधलं खात्याचं पत्र आणवलं आणि सीटखाली सरकवलं. "हे ऑगल्ट्री बाईंनी लिहिलंय. वाच. येत नसेल तो शब्द विचार."

कागदाची सळसळ झाली. झारिया पुटपुटत, बोटाखाली एकेक अक्षर धरून वाचत होती. बस थांबली होती, डीकन पायरीवर टोपी हातात घेऊन उभा होता. तिने दोन्ही मुलांची नावं वाचली, लॉरेटाचं वाचलं. मग तारखा आल्या.

"सोमवारी जाणार. आणि हे काय आहे? पुढचं?"

"तूच वाच."

"परत... परत येणार. शुक्रवारी. तुमच्या घरच्या पत्त्यावर." ती थांबली. "हा आपल्या घराचा नंबर आहे."

"आहे."

थोड्या वेळाने ती रांगत बाहेर आली. तिच्या गालावर बसच्या फरशीची धूळ होती. ती लॉरेटाच्या जवळ आली नाही, समोर बसली, पत्र हातात ठेवून.

"आता कुठे जायचं ते तू सांग," लॉरेटा म्हणाली. "पार्कला किंवा घरी. दोन्ही चालेल मला."

"घरी," झारिया म्हणाली. "आत्ता."

ते घरी गेले. आधी पोलीस बाईच्या गाडीतून पंपावर जाऊन हर्शलला घेतलं. त्याने पोरांना बघितलं आणि गाडीच्या टपावर डोकं टेकून उभा राहिला. परतीच्या वाटेवर रस्त्याकडेच्या टपरीवर त्याने उकडलेल्या शेंगा घेतल्या. झारियाने विचारलं, "ह्या खाऊन झाल्यावर कुठे जायचंय?" हर्शल म्हणाला, "घरीच बाळा. दुसरं कुठं जाणार?" मग तिने खाल्ल्या.

संध्याकाळी लॉरेटाने ऑगल्ट्री बाईंना स्वतः फोन करून सगळं सांगितलं, पिशव्यांसकट. "लॉरेटा, मला हे लिहावं लागेल," त्या म्हणाल्या.

"लिहा."

"चौकशी होईल. अर्जाची तारीख पुढे जाईल. पुढे जाईल, एवढंच सांगू शकते मी. निकाल काय लागेल ते नाही."

चौकशी अकरा आठवडे चालली. अनोळखी माणसं घरी आली, त्यांनी कपाटं बघितली, झारियाशी एकटीशी बोलली. त्या अकरा आठवड्यांत गाडीचं दार वाजलं की लॉरेटा खिडकीपाशी जायची, आणि तिच्या आधीच झारिया तिथे उभी असायची. शाळेच्या सुट्टीत बस बंद, त्यामुळे लॉरेटाला दिवस घालवायला काही उरलं नव्हतं. तिने मागचं अंगण दोनदा खणलं.

जुलैत कळलं की मुलं तिच्याकडेच राहतील. सप्टेंबरात न्यायाधीशांनी दत्तकाच्या कागदावर सही केली. झारियाने तो कागद मागून घेतला आणि तिथेच, कोर्टाच्या बाकावर बसून, पहिल्या ओळीपासून वाचून काढला. न्यायाधीश थांबले.

पार्कला ते नोव्हेंबरात गेले. महिनाभर आधी भिंतीवर कॅलेंडर लावलं. झारियाने विचारलेले प्रश्न हर्शलने एका वहीत लिहून घेतले होते: हॉटेलच्या खोलीला कुलूप कसलं असतं, जोसाया हरवला तर कुणाला सांगायचं, बसने जायचं का चालत, जेवण कुठे. उत्तर माहीत नसलं की लॉरेटा तिथे फोन करून विचारायची. मोठ्या डोक्याच्या प्राण्याचा पोशाख घातलेला माणूस समोर आला तेव्हा जोसाया भोकाड पसरून रडला. झारिया पाण्यातल्या घसरगुंडीच्या गाडीत दोनदा बसली. हसली नाही, पण दुसऱ्या वेळी लॉरेटाचा हात सोडून पुढचा दांडा धरला.

शेवटच्या दिवशी सकाळी तिने विचारलं, "किती वाजता निघायचं?"

"दहाला. नाश्ता करून. दोनच्या सुमारास घरी."

"वाटेत थांबायचं?"

"एकदा, पंपावर. डिकी उघडायची वेळ आली तर तू उघड."

झारिया विचारात पडली. "मला उघडायची नाहीये," ती म्हणाली. "तुम्हीच उघडा." आणि कपडे घडी करायला लागली.